हवानाची परिषद, वेर्ण्याची नोकरी

प्रश्न : मी फोंड्याची. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत संशोधन विभागात काम करते. कंपनीची नोंदणी भारतातली, मालकी अमेरिकेतल्या कंपनीची. हवानाला जैवतंत्रज्ञानाच्या परिषदेत निबंध वाचायचं निमंत्रण आलं आहे. कंपनीत विचारलं तर ‘क्युबा? नकोच’ एवढंच उत्तर मिळालं. रजा टाकून, स्वतःच्या पैशाने गुपचूप गेले तर गुन्हा होईल का? मुलगी अमेरिकेत शिकते, म्हणून माझ्याकडे तिथला व्हिजिटर व्हिसा आहे. तोही जाईल का? सोबत येऊ म्हणणाऱ्या भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातला एकच शब्द मला खटकला : गुपचूप. बाकी तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ बरी आहे.

क्युबाला जायला भारतीय कायद्याची मनाई नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध आपल्याकडे १९४७च्या कायद्याखाली लागू होतात, आणि सुरक्षा परिषदेने क्युबावर निर्बंध घातलेलेच नाहीत. अडचण आहे ती क्युबाशी व्यवहार आणि तिथला प्रवास यांवर बंधनं घालणाऱ्या अमेरिकेच्या १९६३च्या नियमांची. ते कोणाला लागू होतात हे नीट पाहा. अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक, पासपोर्ट कुठलाही असो पण त्या क्षणी अमेरिकेच्या भूमीवर असलेला माणूस, आणि अमेरिकी मालकीच्या कंपन्या, मग त्यांची नोंदणी जगात कुठेही झालेली असो. म्हणजे वेर्ण्यातली तुमची कंपनी या नियमांनी बांधलेली आहे. भारतीय नागरिक म्हणून गोव्यात राहणाऱ्या तुम्ही नाही.

म्हणून पहिला प्रश्न, तुम्ही तिथे कोण म्हणून उभ्या राहणार? स्वतःची रजा, स्वतःचा पैसा, निबंधावर आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर कंपनीचं नाव नाही, कंपनीचा लॅपटॉप घरी, आणि जाताना-येताना मायामीसारखा अमेरिकी विमानतळ वाटेत नाही, असं असेल तर अमेरिकेचे हे नियम तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. मोपा विमानतळावरून युरोपमार्गे जा. पण निबंध कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या कामावर असेल तर ही वाट बंद समजा. तिथे अमेरिका नंतर, तुमच्या नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलम आधी आडवं येईल. रजेच्या अर्जात खोटं कारण लिहिलंत तर शिस्तभंगाच्या कारवाईला आयतं निमित्त मिळेल. पंधरा वर्षांची नोकरी असली तरी अशा खोट्यापुढे तिची ढाल पुरत नाही.

मला दुसरी वाट अधिक पसंत आहे. कंपनीचं ‘नकोच’ हे उत्तर घाईचं आहे. अमेरिकेच्या त्याच नियमांत कलम ५१५.५६४ आहे. व्यावसायिक संशोधन आणि व्यावसायिक परिषदा यांसाठी ते सरसकट परवानगी देतं, वेगळा अर्ज लागत नाही. अट अशी की परिषद तुमच्या व्यवसायाशी थेट निगडित हवी, आणि दिवसभराचा कार्यक्रम कामाचा हवा; एक सत्र ऐकून उरलेले चार दिवस समुद्रकिनारी, हे चालत नाही. परिषदांची ही सवलत २०२० साली काढून घेतली होती, २०२२ साली परत दिली. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात कलमाचा मजकूर पुन्हा वाचायला सांगा.

कंपनीच्या अनुपालन विभागाला, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात ना हे पाहणाऱ्या विभागाला, लेखी पत्र द्या. त्यात हे कलम, निमंत्रण, दिवसवार कार्यक्रम आणि निबंधाचा गोषवारा जोडा, आणि मुख्यालयाच्या वकिलाचं मत मागा. पूर्वी प्रसिद्ध न झालेली प्रक्रियेची माहिती निबंधात असेल तर तेही सांगा, कारण तंत्रज्ञान परक्या हाती देणं हा निर्यातीचा वेगळा विषय आहे. कंपनीच्या पैशाने गेलात तर हॉटेलही पाहून घ्यावं लागेल. क्युबातल्या कुठल्या निवासांत राहू नये याची यादी अमेरिकेचं परराष्ट्र खातं काढतं. कागदपत्रं दहा वर्षं जपावी लागतात, मार्च २०२५ पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. कंपनी घाबरते ती उगीच नव्हे : एका उल्लंघनाला दंड एक लाख डॉलरहून जास्त होऊ शकतो, आणि ‘माहीत नव्हतं’ हा बचाव पुरत नाही.

पैशांचं मात्र जपून. नोंदणी शुल्क डॉलरमध्ये पाठवू नका. डॉलरची रक्कम बहुधा न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरते, आणि पावतीवर ‘हवाना’ दिसलं की ती तिथेच अडकू शकते. गोठलेला पैसा सोडवायला महिने जातात. युरोमध्ये भरा, किंवा आयोजकांना तिथे पोचल्यावर रोख घेण्याची विनंती करा. परकीय चलनाच्या नोटा एका फेरीला ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात, आणि कार्डांच्या भरवशावर क्युबात उतरू नये. तेव्हा खर्चाचा हिशेब आधीच मांडा. तसंच पर्यटकाच्या व्हिसावर जाऊ नका. दिल्लीतल्या क्युबाच्या दूतावासाला निमंत्रण दाखवून परिषदेसाठीचा व्हिसा मागा.

तुमचा अमेरिकी व्हिसा केवळ क्युबाला गेल्याने रद्द व्हावा असा नियम नाही. पण पुढच्या वेळी अर्जात गेल्या पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्या विचारतील, तिथे क्युबा लिहाच. महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मागणाऱ्याला अमेरिका कायमचं दार बंद करू शकते. लेकीच्या पदवीदानाला जायचं आहे ना? मग तो एक रकाना रिकामा सोडू नका.

भावाचं प्रकरण वेगळं, आणि गोव्यात घरोघरी उपयोगी पडणारं. पोर्तुगीज पासपोर्टवर अमेरिकेला व्हिसा न काढता, ‘एस्टा’ या ऑनलाइन परवानगीवर जाता येतं. १२ जानेवारी २०२१ला किंवा त्यानंतर क्युबाला गेलेल्याला ही सोय मिळत नाही. रीतसर व्हिसाच काढावा लागतो. तो परिषदेला येणार नाही, फक्त सोबत म्हणून येणार असेल, तर भाचीला भेटायला जायची त्याची सोपी वाट कशाला घालवायची? त्याला घरीच राहू द्या.

शुल्क भरण्याआधी नेमणूकपत्र आणि गोषवारा घेऊन भेटा. कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा आपण बसून करू.