वहीतला गुडघा

जुलै 2025 च्या अखेरीस एसटीच्या आगारात मेकॅनिक असलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन करिअरचा सल्ला विचारायला माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायची, जिल्ह्याच्या संघात होती. खुर्चीत बसताना तिनं डावा पाय सवयीनं लांब काढून ठेवला.

"मॅडम, हिचं काय करायचं तेवढं सांगा," वडील म्हणाले. "खेळ सुटल्यात जमा आहे. नीटला एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. आता म्हणते, खेळाडूंच्या दुखापतींचंच शिकणार. यात पोट भरतं का?"

नीटचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्यामागे बहुतेकदा एकच समजूत असते: खेळाडू होता आलं नाही, डॉक्टरही होता येत नाही, मग मधलं काहीतरी धरायचं. या समजुतीनं आलेली मुलं दुसऱ्या वर्षाला कंटाळतात, हे मी पाहिलं आहे. म्हणून मी कोर्सचं नावही न काढता आधी गुडघ्याचं विचारलं.

आदल्या सप्टेंबरमध्ये घोट्याची पकड करून उठताना तिचा पाय मॅटला रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यातून कट् असा आवाज आला. अंगाला कोणाचा धक्काही लागला नव्हता. मग दोन महिने हाडवैद्याकडे तेल आणि पट्टा. एमआरआय झाला तेव्हा कळलं, एसीएल पूर्ण फाटलंय. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा अस्थिबंध. नडगीला पुढे सरकू देत नाही. तो असा धक्क्याविनाच, वळताना किंवा उडी मारून टेकताना जास्त फाटतो आणि मुलींमध्ये त्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच अधिक आहे. डिसेंबरात मांडीमागचा स्नायूबंध घेऊन शस्त्रक्रिया झाली.

"सर्जन म्हणाले ऑपरेशन एक नंबर झालंय. मग फिजिओबाई अजून खेळू नको का म्हणतात?" वडिलांचा राग खरा होता. एका प्रशिक्षकानं एप्रिलमध्येच 'चालतंय की' म्हणून तिला मॅटवर बोलावलं होतं.

यावर मुलीनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली. रोजची तारीख, गुडघा किती अंश वाकतो, सूज आहे की नाही, आणि गुडघ्याच्या वाटीपासून वर 15 सेंटीमीटरवर टेपनं मोजलेला दोन्ही मांड्यांचा घेर. जानेवारीत डावी मांडी चार सेंटीमीटरनं बारीक. मार्चमध्ये अडीच. जुलैत एक. शेवटच्या पानावर एका पायावरच्या उडीचं माप: उजव्यावर 140 सेंटीमीटर, डाव्यावर 112. बाजूला तिनं स्वतः भागाकार करून लिहिलं होतं, 80 टक्के. "नव्वदच्या वर गेल्याशिवाय बाई सोडणार नाहीत," ती म्हणाली, "आणि माप झालं तरी नऊ महिन्यांआधी नाहीच."

वडिलांना मी सांगितलं, बाई बरोबर आहेत. बसवलेला स्नायूबंध शरीर हळूहळू अस्थिबंधासारखा घडवतं. सुरुवातीच्या महिन्यांत तो उलट आणखी कमजोर होतो. ऑस्लोतल्या रुग्णांवरच्या 2016 च्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जसजसं लांबवलं तसतशी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला जवळपास निम्मी होत गेली.

"पण मुळात फाटलं कशानं?" त्यांनी विचारलं.

मुलगी उठली, माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवरून अलगद उतरून दाखवलं. गुडघा किंचित आत कलला. "कमरेचे, कुल्ल्याचे स्नायू कमी पडले की गुडघा असा आत येतो, पप्पा. भार वाकडा पडतो."

ते थोडा वेळ पाहत राहिले. "म्हणजे टायर एका बाजूनं खातोय. अलाइनमेंट गेलीय. नुसता टायर बदलला तर नवापण खाणार."

बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचाली आणि त्यात पडणाऱ्या भारांचं शास्त्र, याहून सोप्या शब्दांत मला आजवर सांगता आलेलं नाही. पुढचं सगळं याच कामाचं बारीक मोजमाप आहे: अंगावर चकाकते ठिपके लावून आठ-दहा कॅमेऱ्यांनी हालचाल टिपायची, जमिनीतल्या फोर्स प्लेटवर पाय किती जोरानं आणि कोणत्या दिशेनं टेकतो ते बघायचं, स्नायू केव्हा जागा होतो ते ईएमजीवर, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या आलेखावर, वाचायचं. भालाफेकपटू नीरज चोप्राचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. 2019 मध्ये त्याच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये 87.58 मीटरवर सुवर्ण मिळालं. त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लाउस बार्टोनिट्झ हे मुळात बायोमेकॅनिक्सचे तज्ज्ञ. मुलीनं लगेच स्टीपलचेस (अडथळे आणि पाणी ओलांडत धावायची शर्यत) धावणाऱ्या अविनाश साबळेचं नाव घेतलं. दोनच आठवड्यांपूर्वी मोनॅकोत पाण्याच्या उडीपाशी पडून त्याचंही एसीएल गेलं होतं.

मग वाटांचं बोललो. क्रीडावैद्यक डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएस आणि त्यावर तीन वर्षांचं एमडी. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ते आहे, पण देशभर जागा मोजक्या. बायोमेकॅनिक्सला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. हिनं अकरावीला गणित सोडलेलं, त्यामुळे मेकॅनिकल किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंगचं दार बंद. (दहावीतल्या मुलांच्या पालकांनो, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलं तरी गणित शक्यतो सोडू देऊ नका. ही चूक दरवर्षी दिसते आणि दरवर्षी जीव हळहळतो.) तिसरी वाट फिजिओथेरपीची. आपल्याकडे बीपीटीएच या तिच्या पदवीचे प्रवेश नीटच्याच गुणांवर राज्याच्या सीईटी सेलकडून होतात, म्हणजे तिचे गुण वाया गेले नव्हते. इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं, मग क्रीडा शाखेतलं दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण. त्यानंतरही बायोमेकॅनिक्सच्या प्रयोगशाळेकडे वळता येतं. अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, चेन्नईचं श्री रामचंद्र ही त्यासाठी माहीत असावीत अशी नावं.

पोटाचं विचाराल तर मी त्यांना गोड सांगितलं नाही. प्रो कबड्डीच्या संघासोबत फिरणारे फिजिओ मूठभर असतात. पहिली काही वर्षं पगार तुटपुंजा असतो. पण हे शिक्षण नुसतं खेळाडूंपुरतं नाही. गुडघा बदललेले म्हातारे, अर्धांगवायूचे रुग्ण, पाठ धरलेले ड्रायव्हर, सेरेब्रल पाल्सीची मुलं, कृत्रिम पाय बसवलेली माणसं, सगळ्यांना हेच हात लागतात. पोट या गर्दीवर भरतं, खेळाडू मागाहून येतात.

नेमकं इथंच मला तिची परीक्षा घ्यायची होती. प्रवेशाच्या फेऱ्यांना अजून वेळ होता. म्हटलं, तुझ्याच फिजिओबाईंकडे पंधरा दिवस नुसती बस. खेळाडू आला तर बघशीलच. तू एका आजींचा गुडघा धर आणि रोज लिही.

सोळाव्या दिवशी ती एकटीच आली, वहीची नवी पानं घेऊन. पहिल्या दिवशी लिहिलेलं: "कंटाळा आला. तेच सहा व्यायाम. आजी रडतात, मला काय बोलावं कळत नाही." नवव्या दिवशी: "67 अंश. काल 65. आजींना टेप दाखवला तर हसल्या." चौदाव्या दिवशी एकच ओळ: "आजी आज हात न टेकता खुर्चीतून उठल्या, मी कोणाला सांगू?"

खेळाची आवड असलेली मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात. दोन अंशांनी आनंदणारी फार थोडी. मी वडिलांना फोन लावला आणि फॉर्म भरायला सांगितलं.

ती आता पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात गावी गेली तेव्हा तिनं शाळेच्या संघातल्या सात मुलींना फूटभर उंचीच्या स्टुलावरून उड्या मारायला लावल्या, समोरून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपलं आणि रात्री मला मेसेज केला: "मॅडम, तिघींचे गुडघे आत येतात. सरांना दाखवलं. ते म्हणाले स्पर्धा झाल्यावर बघू. मी उद्या सकाळी सहाला त्या मुलींकडे परत जातेय, पप्पा पण येतो म्हणालेत."