कोल्हापूरला जरूर जा, कार्ड मात्र घरी ठेवा

प्रश्न : ऑफिसातल्या आम्ही चौघी दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी पुण्याहून माझ्या गाडीने कोल्हापूरला जाणार आहोत. अंबाबाईचं दर्शन, चपला, साड्या, गूळ-मसाला आणि अर्थात तांबडा-पांढरा. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला कोल्हापुरी साजही घ्यायचाय, १६ हजारांपर्यंत. ती तशी गुंतवणूकच होईल. सगळी खरेदी मिळून ४० हजार होतील. पगार हातात ४८ हजार, सगळं भागून महिन्याला सहा हजार उरतात. सहलीआधी ३० हजार बोनस येईल. क्रेडिट कार्डाचे २२ हजार थकलेत, दरमहा ११०० भरते. पोस्टातल्या आरडीचे तीन हजारांचे २२ हप्ते झालेत. दहा जणींची पाच हजारांची बोलीची भिशी आहे, आता पाचवी. मी अजून उचललेली नाही. बचत खात्यात १५ हजार आहेत. जानेवारीत मुलाच्या हॉस्टेलचे ३८ हजार भरायचेत. खरेदीसाठी कार्डावर हप्ते करू, आरडी मोडू की भिशी उचलू?

उत्तर : ताई, तिन्हीपैकी काहीच करू नका, आणि कोल्हापूरला जा. तुमची सहल महाग नाहीच. महाग आहे ते कार्डावर थकलेले २२ हजार, आणि त्यांचा परिणाम कोल्हापुरातल्या प्रत्येक खरेदीवर होणार आहे.

कसा ते बघा. थकबाकीवर महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं (बहुतेक कार्डांचा दर याच्या आसपास असतो) तर २२ हजारांचे ७७० रुपये झाले. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १३९. एकूण ९०९. तुम्ही ११०० भरता, त्यातून मुद्दल फिटतं फक्त १९१ रुपये. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं : मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. शनिवारी दुपारी महाद्वार रोडवर साडी घेतलीत की त्याच दिवसापासून तिच्यावर व्याज सुरू. ‘पुढच्या बिलापर्यंत तर फुकट वापरायला मिळतं’ हे तुमच्या कार्डाला आज लागू नाही. ४० हजार कार्डावर काढलेत तर फक्त त्या खरेदीचं व्याज जीएसटीसकट महिन्याला १६५० रुपये होईल.

हप्ते केले तर? दागिन्यांच्या खरेदीचे हप्ते बहुतेक बँका कार्डावर करून देत नाहीत, त्यामुळे साज आधीच बाद. उरलेल्या २४ हजारांचे १६ टक्क्यांनी बारा हप्ते केलेत तर व्याज २१३० रुपये, त्यावरचा जीएसटी ३८३ आणि प्रोसेसिंगचे अडीचशे-तीनशे. म्हणजे २८०० रुपये वरखर्च. शिवाय हप्ता बिलातल्या किमान रकमेत (मिनिमम ड्यू) अख्खाच्या अख्खा धरला जातो. आज ११०० भरताना ओढाताण होते, मग तीन हजारांच्या वर भरावे लागतील.

म्हणून बोनस जमा होईल त्याच दिवशी २२ हजार कार्डात भरा. भरण्याआधी ॲपमध्ये त्या दिवसाची नेमकी बाकी बघा. मागच्या स्टेटमेंटनंतरचं व्याज पुढच्या बिलात शे-पाचशेचं येईल, तेही पूर्ण भरा, नाहीतर चक्र तुटत नाही. बोनसचे आठ हजार उरले, त्यात या महिन्याचे सहा हजार मिळवा. हे १४ हजार तुमच्या कोल्हापूरचे. बचत खात्यातले १५ हजार दवाखान्यासाठी आहेत, ते मोजूच नका.

आता सहलीचा खर्च. जाऊन-येऊन ४६० किलोमीटर, गावातलं फिरणं धरून ५००. चौघी, सामान आणि एसी लावून गाडी लिटरला १५ देईल असं धरा. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं तर ३५०० रुपयांचं. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे चार टोलनाके, दोन्ही वेळचे मिळून ८०० रुपये काढून ठेवा. फास्टॅगमध्ये निघण्याआधीच पैसे टाका, कारण टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो. पार्किंगचे ३००. आणि जे कोणी धरत नाही ते : टायर, ऑइल, सर्व्हिसिंग यांची झीज किलोमीटरला तीन रुपये, म्हणजे १५००. एकूण ६१००, माणशी १५२५.

‘गाडी माझी, तर पेट्रोलही माझंच’ असा मोठेपणा करू नका. मैत्रिणींनाही पुढच्या वेळी संकोच वाटतो. मात्र वाटून घ्यायचा तो झालेला खर्च. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीचं भाडं म्हणून वर पैसे घेतले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. विम्याचा कागदही एकदा उघडून बघा. नुसता थर्ड पार्टी असेल तर शेजारी-मागे बसलेल्या मैत्रिणींना त्याचं संरक्षण नाही, पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी हवी. १५ लाखांचं अपघात संरक्षण मालक-चालकाचं असतं, म्हणजे तुमचं. साताऱ्यापुढे मैत्रिणीने स्टिअरिंग घेतलं तर ते तिला लागू होत नाही.

एक स्वस्त पर्यायही सांगून ठेवतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, साध्या गाडीने दोन्ही वेळचं मिळून एकीला पाचशेच्या आसपास पडेल. हजार रुपये वाचतील, पण चपलांचे खोके आणि गुळाच्या ढेपा घेऊन बस स्टँडवर उभं राहायची तयारी हवी. माझं मत विचाराल तर या एका बाबतीत गाडीच घ्या.

राहायला दोन खोल्या. दिवाळीच्या आठवड्यात एका खोलीचे रात्रीला ३००० रुपये धरा, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी १५७५. बुकिंग करताना रद्द करण्याची अट वाचा. सणाच्या तारखांना पुष्कळ ठिकाणी आगाऊ रक्कम परत मिळत नाही. जेवणाखाण्याला माणशी २००० पुरेसे आहेत : दोन वेळची मटण थाळी, सकाळची मिसळ, येता-जाता चहा-नाश्ता. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला असेल तर काढायला सांगा. तो देणं ऐच्छिक आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तसंच म्हटलंय. जीएसटी वेगळा, तो ५ टक्के द्यायचा. मात्र बिलावर ‘कंपोझिशन’ करदाता असं छापलं असेल तर त्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही.

सगळं मिळून माणशी ५१००, वर चारशेची फट. प्रत्येकीने ५५०० निघण्याआधीच एकीच्या खात्यावर पाठवायचे. टोल, खोल्या, जेवण सगळं तिथूनच. रोज रात्री उरलेला आकडा ग्रुपवर टाकायचा. प्रत्येक चहाला ‘अगं, मी देते’ सुरू झालं की तिसऱ्या दिवशी कोणाचं कोणाकडे किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

तुमच्याकडे खरेदीला ८५०० उरले. चौघी मिळून दुकानात शिरलात की एकीने घेतलेली साडी बाकीच्या तिघींना आवडते, तिघींनी घेतली तर दुकानदार भाव कमी करतो, आणि यादीत नसलेली साडी स्वस्तात पडल्याच्या आनंदात घरी येते. म्हणून यादी आकड्यांसकट करा : चपला दोन जोड ३०००, साडी एक ३०००, गूळ आणि कांदा-लसूण मसाला १०००, भेटवस्तू १५००. कार्ड घरी. आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय ॲपला जोडलेलं असेल तर ते काढून टाका. नाहीतर कार्ड कपाटात राहील आणि क्यूआर कोडवरून त्याचेच पैसे जातील. बँकेच्या ॲपमध्ये दिवसाची मर्यादाही खाली आणता येते.

चपलांचे पैसे वाया जातात ते घाईत. चप्पल लाईनवर पहिल्याच दुकानात घेऊ नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण रेक्झिनची आणि खिळे ठोकलेलीही त्याच नावाने विकली जाते. तळ उलटा करून बघा : खरी चप्पल चामड्याच्या वादीने शिवलेली असते, हाताला जड लागते आणि कातड्याचा वास येतो. पाय दिवसभर चालून थोडे सुजलेले असतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी घालून बघा. तरीही जराशी घट्टच घ्या. कातडं आठ-पंधरा दिवसांत सैल पडतं आणि मग बदलून घ्यायला कोल्हापूर लांब पडतं. गूळ घेताना पिवळाधमक दिसतो म्हणून भुलू नका, तो रंग बऱ्याचदा रसायनाचा असतो. तपकिरी ढेप घ्या.

आता आरडी. पोस्टाची पाच वर्षांची आरडी तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. पण बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरावर दोन टक्के जास्त व्याजाने. तुमचा दर ६.७ असेल तर कर्ज ८.७ टक्क्यांनी. तुमचे ६६ हजार जमा आहेत, म्हणजे ३३ हजारांपर्यंत सहज मिळेल. हे साज-साडीसाठी काढायचं नाही. बोनस लांबला तरच उपयोग : पासबुक आणि अर्ज घेऊन पोस्टात जा, २२ हजार उचला, कार्ड मिटवा. महिन्याला ९०९ ऐवजी १६० रुपये व्याज पडेल. बोनस आला की कर्ज एकरकमी फेडा.

भिशीचा हिशेब जरा फसवा असतो. बोली म्हणजे आधी उचलण्यासाठी ५० हजारांतून सोडायची रक्कम, ती दहा जणींत वाटली जाते. मागची बोली सहा हजारांवर गेली असेल आणि तुम्हीही आज तेवढ्यावर उचललीत, तर हातात ४४ हजार येतात. सोडलेल्या सहा हजारांतले सहाशे तुमच्या वाट्याला परत येतील, पण तेवढ्याच बोलीवर दुसरीने उचलली तरी ते येतातच, म्हणजे खरा तोटा पूर्ण ६००० चा. शेवटपर्यंत थांबलात तर पाच महिन्यांनी पूर्ण ५० हजार. ४४,००० साठी पाच महिन्यांचे ६००० म्हणजे वर्षाला जवळजवळ ३३ टक्के. सहलीच्या खरेदीसाठी हा दर वेडेपणाचा आहे. जानेवारीत आठवी भिशी असेल, उचलायच्या राहिलेल्या तुमच्यासह तिघीच, आणि बोली सहसा उतरलेली असते. तीन-साडेतीन हजार सोडून ४६ हजारांच्या वर मिळाले तर हॉस्टेलचे ३८ हजार तिथून भरा. बोली वर चढू लागली तर चार हजारांपुढे जाऊ नका. फी दोन हप्त्यांत घेतात का, हे आत्ताच विचारून ठेवा. भिशीवालीलाही आजच कानावर घाला, म्हणजे ऐन वेळी चुरस होणार नाही.

राहिला साज. ती गुंतवणूक नाही, घालायची हौस आहे आणि हौस म्हणून ती रास्त आहे. साजाचे मणी आणि पानं आतून पोकळ असतात, त्यात लाख भरलेली असते. समजा वजन ५० ग्रॅम भरलं आणि लाख १५ ग्रॅम असेल, तर चांदी ३५ ग्रॅमच. त्या दिवशीच्या भावाने पैसे ३५ ग्रॅमचेच द्यायचे, घडणावळ आणि पाणी वेगळं, वर ३ टक्के जीएसटी. दुकानदार ‘नग आहे, वजनावर नाही’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. विकायला जाल तेव्हा घडणावळ आणि सोन्याचं पाणी शून्य धरलं जातं, चांदीतूनही घट कापतात. घामाने आणि अत्तराने पाणी उतरतं, परत पॉलिश करायचा खर्च किती हेही आधी विचारा.

या सहलीत गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात जा, साज गळ्याला लावून बघा, वजन, शुद्धता आणि घडणावळ तीन दुकानांतून लिहून घ्या. फोटोही काढा. घ्यायचा फेब्रुवारीत : भिशीतून फी भरून उरलेले आठ हजार, कार्डाचे वाचलेले महिन्याचे ११०० असे तीन-चार महिन्यांचे, आणि राहिलेले चार-पाच हजार त्या महिन्याच्या शिलकीतून. चांदीलाही आता एचयूआयडी (प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक) असलेला हॉलमार्क मिळतो, सक्ती मात्र सोन्यासारखी नाही; तुम्ही तो मागून घ्या आणि बिलावर चांदीचं निव्वळ वजन आणि ९२५ शुद्धता (हजारात ९२५ भाग चांदी) वेगळी लिहून घ्या.