चामड्यातील स्क्रू : वाचकांची प्रश्नोत्तरे

पावसाळा लागला की ठाणे आणि नवी मुंबईतून चामड्याच्या पट्ट्यांवरील व पिशव्यांवरील सैल झालेल्या स्क्रूंविषयी तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. पुढील उत्तरे दुकानात ‘शिकागो स्क्रू’ म्हणून मिळणाऱ्या जोडीविषयी आहेत. तिच्या एका भागात आतून आटे असलेली पोकळ नळी असते आणि दुसरा भाग म्हणजे त्या नळीत फिरवून बसवायचा स्क्रू.

प्रश्न : भोक किती मोठे पाडावे? (कळवा)

उत्तर : नळीच्या बाहेरच्या व्यासाइतके, म्हणजे ५ मिलिमीटरच्या नळीला ५ मिलिमीटरचेच, आणि ते पंचाने पाडावे, आरी खुपसून रुंद करू नये.

प्रश्न : बकलाजवळचा स्क्रू दर आठवड्याला सैल होतो. फेविक्विक लावू का? (कोपरखैरणे)

उत्तर : लावू नका. तो गोंद कडक आणि ठिसूळ होतो, चामड्यात पसरला तर डाग पाडतो, आणि पुढे बकल बदलायची वेळ आली की स्क्रू निघता निघत नाही. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून गोंदाकडे धावणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नळीची लांबी मोजलेली असते, आणि दोष बहुधा तिथेच असतो. नळी चामड्याच्या एकूण जाडीपेक्षा लांब असली, तर स्क्रू कितीही आवळला तरी त्याचे डोके नळीच्या तोंडावर टेकून थांबते, चामड्यावर दाब येतच नाही, आणि पट्टा वाकेल तसतसा स्क्रू किंचित किंचित उलटा फिरत जातो. ३ मिलिमीटरचे दोन थर असतील तर नळी फार तर ६ मिलिमीटरची असावी. मऊ चामडे दाबले जाते, त्यामुळे तिथे ५ मिलिमीटरची अधिक चांगली बसते. मात्र फारच आखूड घेतली तर एखाददुसराच आटा धरतो आणि तोही लवकर झिजतो. जाडी नजरेने ठरवू नका. थर एकमेकांवर ठेवून, हलके दाबून, व्हर्नियरने मोजा. नळी लांबच मिळाली असेल, तर आतल्या बाजूला त्याच चामड्याची चकती कापून वायसरसारखी घाला.

एवढे झाल्यावरच थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायच्या द्रवाचा, विचार करावा. आटे स्पिरिटने पुसून कोरडे करावेत, मध्यम ताकदीच्या निळ्या प्रकाराचा, किंवा बारीक स्क्रू असेल तर कमी ताकदीच्या जांभळ्या प्रकाराचा, अगदी छोटा थेंब नळीच्या आत सोडावा, स्क्रू आवळावा, बाहेर आलेले लगेच टिपून घ्यावे आणि २४ तास पट्टा वापरू नये. हा द्रव हवा न मिळता धातूच्या संपर्कात घट्ट होतो. पितळेवर लवकर, स्टेनलेस स्टीलवर किंवा मुलामा दिलेल्या स्क्रूवर सावकाश. लाल प्रकार चामड्याजवळ आणूच नये, कारण तो सोडवण्यासाठी साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि तोवर चामडे करपून जाईल. तात्पुरती सोय म्हणून पारदर्शक नेलपॉलिश चालते. पट्टा महागाचा असेल तर आधी चामड्याचे काम जाणणाऱ्या कारागिराला दाखवा.

प्रश्न : दुकानदाराने चुंबक लावून दाखवले, ते चिकटले नाही, म्हणजे स्क्रू शुद्ध पितळेचा ना? (ठाणे)

उत्तर : नाही. चुंबक चिकटले नाही यावरून तो साध्या लोखंडाचा नाही एवढेच कळते. जस्ताच्या मिश्रधातूवर पितळी मुलामा दिलेल्या स्क्रूलाही चुंबक चिकटत नाही, आणि पितळेच्या भावात खपवायला तोच सोयीचा पडतो. आतल्या, न दिसणाऱ्या जागी कानसेने हलके खरवडा : पितळ आतही पिवळेच निघते, मुलाम्याखाली करडा धातू दिसतो. मिश्रधातूचे आटे जोरात आवळले की तुटतात. मोठी खरेदी असेल तर दोन नग आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : पावसात भिजल्यावर स्क्रूभोवती काळे वर्तुळ उमटले. बुरशी आहे का? (बेलापूर)

उत्तर : बहुधा नाही. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते. ओलाव्यात लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग तयार होतो. लोखंडी स्क्रू काढून टाका, चामडे सावलीत वाळवा आणि त्या जागी भरीव पितळेचा स्क्रू बसवा. पितळेभोवती पुढे हिरवट थर आला तर कोरड्या फडक्याने पुसावा. काळा डाग काढायला सुचवले जाणारे ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. ते घरी वापरू नका, काम जाणकाराकडे सोपवा.

प्रश्न : कोल्हापुरी चपलेचा तुटलेला अंगठा स्क्रूने बसवता येईल का? (नेरूळ)

उत्तर : स्क्रूचे डोके पायाला टोचेल. ती चामड्याच्या वादीने शिवलेली असते, शिवूनच घ्या.

प्रश्न : कुत्र्याच्या पट्ट्याची कडी स्क्रूने बसवली आहे. गेले चार-पाच महिने स्क्रू हलतो, पण दर वेळी आवळून घेतो. चालेल का? (घोडबंदर रस्ता)

उत्तर : चालणार नाही, आणि चार-पाच महिने वाट पाहायला नको होती. वारंवार सुटणाऱ्या स्क्रूचे आटे झिजलेले असतात. कुत्र्याने वाहनांच्या गर्दीत एक हिसका दिला तर कडी हातात राहील आणि कुत्रा रस्त्यावर असेल. भार झेलणारा जोड केवळ स्क्रूवर सोडू नये. तिथे दुहेरी शिलाई आणि वायसरसह तांब्याचा रिव्हेट हवा. थ्रेडलॉकर हा त्यावर उपाय नाही. आजपासून दुसरा पट्टा वापरा आणि हा पट्टा खोगीर किंवा पट्टे शिवणाऱ्या कारागिराकडे न्या. भोक ताणून लांबट झाले असेल, तर ते टोक कापून पुढच्या चांगल्या चामड्यात नवा जोड करता येईल का, हे त्यालाच ठरवू द्या.