जुना कॉमेडियन शिळा होतो की आपण? मिक्सरशेजारून दिसलेलं

तुम्ही विचारलंय: शाळेत असताना ज्या कॉमेडियनवर पोट धरून हसायचो, त्याचे व्हिडिओ आता दोन मिनिटंही बघवत नाहीत. तो शिळा झाला की मी बदललो? आणि गावाकडच्या लोकांचंही असंच होतं का?

या शेवटच्या प्रश्नामुळे लिहायला बसलो. माझं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या अलीकडे. धंदा बिछायत केंद्राचा. मंडप, खुर्च्या, जनरेटर आणि साउंड. दुर्गोत्सव, कॉलेजचं गॅदरिंग, पतसंस्थेचा वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथं माइक लागतो तिथं मी मिक्सरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर. मिक्सर स्टेजच्या बाजूला असतो. तिथून कलाकार बाजूनं दिसतो आणि प्रेक्षक समोरून, त्यामुळे कोण हसलं, कोण हसल्यासारखं केलं आणि कोण उठून लघवीला गेलं, हे कलाकाराच्याही आधी मला कळतं. एकाच माणसाचा कार्यक्रम या गावात आणि महिन्याभरानं त्या गावात ऐकायची वेळ येते, ते वेगळंच.

माझ्या मते कॉमेडियन स्वतः फार कमी बिघडतो. आपण त्याला किती वेळा ऐकतो आणि कोणाच्या शेजारी बसून ऐकतो, हे बदललं की त्याच्याबद्दलचं मत फिरतं. स्टेजवरून उतरल्यावर तो काय बोलतो, यानंही फिरतं, पण ते नंतर सांगतो.

२००५ मध्ये स्टार वनवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झालं. शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू परीक्षक. पहिला आला सुनील पाल, दुसरा एहसान कुरेशी, तिसरा राजू श्रीवास्तव. यातले सुनील पाल जन्मानं हिंगणघाटचे, शाळा बल्लारपूरला. एहसान कुरेशी सिवनीचे, म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की मध्ये येणारं शहर. देशातला पहिला आणि दुसरा नंबर आमच्याच अवतीभवतीचा! त्या वर्षी इथं काय वातावरण होतं ते सांगून समजायचं नाही. ज्याच्या घरी केबल होती त्याच्या घरी रात्री गर्दी. मग पुढची काही वर्षं प्रत्येक ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये एक मिमिक्रीवाला यायचा आणि सुनील पाल यांचा बेवडा ‘रतन नूरा’ किंवा राजू श्रीवास्तव यांचा गावाकडचा ‘गजोधर’ करायचा. नक्कल वाईट असली तरी टाळ्या पडायच्या, कारण लोक त्या नकलेतून टीव्हीवरची रात्र आठवून हसत होते.

तोच बेवडा हळूहळू पडायला लागला. आधी कुठं पडला? बायांच्या बाजूला. आमचा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे, कागदावर. (बाकीचं तुम्ही समजून घ्या, मी धंदेवाला माणूस आहे.) स्टेजवरचा माणूस झोकांड्या खात, जीभ अडखळवत बोलायला लागला की पुरुषांच्या बाजूनं हशा यायचा. बायांच्या बाजूला पदर तोंडाला लागायचे, पण खांदे हलायचे नाहीत. ज्यांच्या घरी रोज रात्री हाच कार्यक्रम फुकट चालतो, त्यांना त्यात काय नवीन? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया तर २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या होत्या. तिथं २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. या काळात त्या गावांमध्ये बेवड्याची नक्कल कशी पडते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गावात महिला बचत गटाच्या अध्यक्षबाई मधेच उठल्या आणि माइक न मागता म्हणाल्या, “भाऊ, हे बंद करा, दुसरं काही असन तर दाखवा.” कलाकार कसलेला होता. त्यानं तिथल्या तिथं गियर बदलला आणि शिक्षकांवर आला. हशा परत आला, शिक्षक सोडून.

म्हणजे मत “चाहत्यांचं” बदलतं असं म्हणताना कोणते चाहते, हे आधी बघावं लागतं. बायांना तो विनोद २००५ मध्येही आवडत नसावा. तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच.

आता किती वेळा ऐकतो त्याबद्दल. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे असं मला वाटतं.

पूर्वी एक कलाकार एकच अर्ध्या तासाचा मसाला वर्षानुवर्षं चालवायचा आणि कोणी त्याला नावं ठेवत नव्हतं, कारण एका गावाच्या वाट्याला तो वर्षातून एकदाच यायचा. आला तर पुढच्या वर्षी परत यायचा, आणि मधल्या वर्षभरात लोकांनी तो विनोद एकमेकांना सांगून सांगून जवळचा केलेला असायचा. टीव्हीनं हे मोडलं. एका रात्रीत सगळ्या देशानं ऐकलेला विनोद दुसऱ्या दिवशी कुठं सांगणार? आणि २०१६ मध्ये जिओ आल्यावर तर हद्द झाली. पोट्टे शेतात मोटार सुरू करून बांधावर बसतात आणि एकाच माणसाचे दहा वर्षांतले सगळे व्हिडिओ एका दुपारी बघून टाकतात. मग संध्याकाळी पानठेल्यावर निकाल: “काही दम नाही बे, तेच तेच बोलते.” अरे, त्यानं ते दहा वर्षांत वेगवेगळ्या लोकांपुढं सांगितलं, तू एका दुपारी ऐकलंस!

आमच्याकडे कापसाचं फरदड ठेवतात. हंगाम संपला तरी झाडं उपटायची नाहीत, पाणी द्यायचं आणि उरलंसुरलं वेचायचं. कापूस निघतो, पण हलका, आणि बोंडअळीला घर मिळतं ते वेगळं. जुन्या कॉमेडियनचे तुम्ही आता बघता ते व्हिडिओ बहुतेक फरदडच असतात. कोणीतरी जुन्या कार्यक्रमाचे तुकडे करून, वर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून टाकलेले. त्यावरून माणसाचा हंगाम ठरवू नका.

याउलट आमच्याकडचेच काही कलाकार बघा. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची वऱ्हाडी कवितांची ‘मिर्झा एक्सप्रेस’ विदर्भात गावोगाव फिरली. लोकांना कविता तोंडपाठ, तरी फर्माइश जुन्याचीच. ओळ पूर्ण व्हायच्या आत प्रेक्षकच पुढचा शब्द म्हणायचे आणि मग स्वतःच हसायचे. कीर्तनकार सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या घेऊन बसतात, हुंडा, अंधश्रद्धा, बुवाबाजी यांच्यावर तडाखे देतात. ऐकणाऱ्यांत अर्ध्यांना पुढचा दाखला माहीत असतो आणि ते मुद्दाम आपल्या पोरांना घेऊन आलेले असतात, त्या दाखल्यासाठीच. तिथं “तेच तेच बोलते” ही तक्रार मी ऐकलेली नाही. स्टँडअपवाल्याकडून मात्र आपण दर वेळी नवीन मागतो आणि नवीन आणलं की म्हणतो, पहिल्यासारखी मजा नाही. माणूस तरी काय करणार?

पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, याचा तोडगा फार आधीच निघालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिथलं केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, मंडई (म्हणजे गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं. प्रयोगात विनोदी नटाची वाट लोक सगळ्यात जास्त बघतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ते याच रंगभूमीवरचे, आणि त्यांची ओळख विनोदी भूमिकांची. हे नट म्हातारे झाले म्हणून उतरत नाहीत. प्रसंग जुनाच असतो, पण त्यात त्या गावचा फुटलेला नळ, त्या गावचा ग्रामसेवक, विकलेल्या धानाचा चुकारा, म्हणजे पैसे, कुठं अडकला, हे सगळं ऐन वेळी घुसवलेलं असतं. थंडीत घोंगडी पांघरून बसलेला माणूस म्हणतो, “आमचंच सांगून रायला बुढा.” टीव्हीवरच्या माणसाला हे जमणार कसं? त्याला कोणत्या गावाशी बोलतोय हेच माहीत नसतं.

भारत गणेशपुरे यांच्याबद्दलही सांगायला पाहिजे. २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’मध्ये त्यांनी वऱ्हाडी बोली घराघरांत नेली तेव्हा इथं कोण आनंद! आपली बोली, आपले शब्द, मुंबईच्या स्टेजवर. काही वर्षांनी मात्र शिकलेली पोरं कुरकुर करू लागली की वऱ्हाडी बोलणारा माणूस टीव्हीवर फक्त हसवायलाच का येतो, डॉक्टर किंवा कलेक्टर म्हणून का नाही. कुरकुर मला पटते. पण ती चॅनेलवाल्यांच्या दारात नेऊन ठेवा, नटाच्या नको.

आता तुमच्या वयाचं सांगतो, कारण तुम्ही बहुतेक पंचविशी-तिशीतले असाल. स्टँडअप कॉमेडियन झाकिर खान यांचा ‘सख्त लौंडा’ आला तेव्हा आमच्या गावातल्या अर्ध्या पोट्ट्यांच्या स्टेटसला तोच होता. मुलींपुढं विरघळायचं नाही, ताठ राहायचं, अशी ती गंमत. त्यातले बरेच जण आज तिशी ओलांडलेले आहेत, दोन-चार एकर कोरडवाहू, घरी म्हातारे आईबाप, आणि लग्न जमत नाही. शेती करणारा नवरा नको, हे मुलीही सांगतात आणि मुलींचे बापही. (त्यांना तरी दोष कसा द्यायचा? सोयाबीनचे भाव त्यांनाही माहीत आहेत.) बघायला जायचं, पोहे खायचे, चहा घ्यायचा, दोन दिवसांनी निरोप: पुढं बघू. अशा पोराला आता तो व्हिडिओ दाखवून बघा. आमच्या गोडाऊनवर खुर्च्या मोजणारा एक मुलगा आहे, तो एकदा म्हणाला, “भाऊ, आपण ताठ राहाचं म्हणतो, पण वाकाची संधी तं भेटली पायजे.” सगळे हसले. मला तर मूळ विनोदापेक्षा हा जास्त आवडला. पण त्यानंतर त्या मुलानं तो व्हिडिओ कधी लावला नाही. झाकिर यांचं यात काय चुकलं? काहीच नाही. एका वयात ती मजा होती, दुसऱ्या वयात तोच विनोद दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो.

तुमचं नेमकं काय झालं असेल ते मला माहीत नाही, पण ज्या विनोदावर आता हसू येत नाही त्यात कोणाची खिल्ली आहे ते एकदा बघा. जाड बायको, काळी मुलगी, तोतरा माणूस, हुंडा न देणारा सासरा, गावंढळ नोकर. शाळेत असताना हे सगळे दुसरे कोणीतरी होते. आता त्यातलं एखादं तुमच्या घरात असेल. शहरात नोकरीला गेलेल्यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं. गावात असताना गावंढळ नोकरावर मोकळेपणानं हसणारा पोरगा पुण्याला जाऊन आला, तिथं त्याच्या बोलण्यावर दोन जण हसले, की त्याला तो विनोद चालत नाही.

स्टेजवरून उतरल्यावरचं बोलणं. सुनील पाल यांनी ओटीटीवर आणि नव्या स्टँडअपमधल्या शिवराळपणावर जाहीर टीका केली. २०२१ मध्ये एका वेब सिरीजवरून मनोज वाजपेयी यांच्याबद्दल ते जे बोलले त्यावरून बराच गदारोळ झाला. आमच्याकडे यावर सरळ दोन फळ्या आहेत. बुढे म्हणतात बरोबर बोलला, घरात सगळ्यांसोबत बसून बघता येईल असं आता उरलंच काय. पोट्टे म्हणतात, स्वतःला नवीन सुचत नाही म्हणून चिडते. मी दोन्हीकडं अर्धा अर्धा. मंडपात पहिल्या रांगेत आजी आणि मागं कॉलेजची पोरं बसलेली असतात, त्यामुळे शिवी न देता अर्धा तास हसवणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे, आणि ज्यांना ते जमलं त्यांची मला कदर आहे. पण दुसऱ्याच्या कामाला कमी लेखून आपलं काम मोठं होत नाही. आणि प्रेक्षकांना असं बोलणं कॉमेडियनच्या तोंडून ऐकायचं नसतं. घरचे वडीलधारे रोज तेच ऐकवतात.

राजू श्रीवास्तव यांच्या बाबतीत उलट झालं. शेवटच्या काही वर्षांत पोरं त्यांच्या विनोदांना जुनाट म्हणायची, त्यांच्या राजकारणावरूनही टोमणे मारायची. १० ऑगस्ट २०२२ ला ते जिममध्ये कोसळले, २१ सप्टेंबरला दिल्लीत गेले. त्या मधल्या दिवसांत त्याच पोरांच्या स्टेटसवर गजोधर परत आला. काही लोक याला ढोंग म्हणतात, मला नाही वाटत. इतकी वर्षं कोणी त्यांना नीट ऐकलं नव्हतं, त्या दिवसांत ऐकलं आणि लक्षात आलं की शोलेतली पात्रं, लग्नातली पंगत, रेल्वेचा डबा, असल्या पात्रांना, वस्तूंना आणि प्रसंगांना बोलतं करणं हे काम सोपं नाही.

तेव्हा तुमच्या कॉमेडियनचं काय करायचं? तो अजून कार्यक्रम करत असेल तर एकदा समोर बसून बघा, मोबाइलवर नको. आणि तुमच्या गावच्या मंडळानं त्याला बोलवायचं ठरवलं तर माझ्याकडून दोन-तीन धंद्याच्या गोष्टी घ्या. बिदागी आधी ठरवा. गावातल्या चार घडामोडी त्याला दुपारीच जेवताना सांगून ठेवा, कसलेला माणूस त्याचं सोनं करतो. कार्यक्रम आरतीनंतर लगेच लावा, जेवणानंतर नको, लोक पेंगतात. बायांना मधल्या भागात बसवा, कोपऱ्यात नको. आणि पहिली रांग पुढाऱ्यांसाठी राखून ठेवू नका. ते हसत नाहीत, आणि त्यांच्याकडं बघून मागचेही हसत नाहीत.