समुद्रात माणूस सापडतो तरी कसा?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. धाकटा भाऊ मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, बार्जवर (कामगारांच्या राहण्या-कामाच्या सपाट जहाजावर) वेल्डर म्हणून लागलाय, 2021 च्या वादळाचे व्हिडिओ बघितल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तुम्हाला विचारायचंय की एवढ्या पाण्यात कोस्ट गार्ड माणूस शोधतं तरी कसं. मी अंबाजोगाई तालुक्यातला. कोस्ट गार्डात नाविक म्हणून भरती झालो, ‘उत्तम अधिकारी’ या हुद्द्यावरून घरी आलो. ओडिशातल्या चिल्क्याला ट्रेनिंगला जाईपर्यंत मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. त्यामुळं आईची भीती मला कळते.

आपल्याकडं शोध म्हटलं की पूर डोळ्यापुढं येतो. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमकडं माणसं पत्र्यावर अडकली होती. तिथं पोचणं अवघड होतं, पण पत्रा सकाळी जिथं होता तिथंच दुपारी होता. समुद्रात पत्राच चालत असतो. म्हणून तिथला पहिला प्रश्न ‘माणूस कुठं बुडाला’ हा नसतो, ‘आत्ता कुठं असेल’ हा असतो.

खबर येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. व्हीएचएफ वायरलेसच्या 16 नंबर चॅनलवर हाक येते, कोणी 1554 ला फोन करतं, किंवा जहाजावरचा ईपर्ब नावाचा डबा बुडताना आपोआप सुटतो आणि उपग्रहाकडं सिग्नल फेकतो. तो बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रातून मुंबईच्या बचाव समन्वय केंद्रात येतो. असं केंद्र चेन्नईला आणि पोर्ट ब्लेअरलाही (आताचं श्री विजयपुरम) आहे. मग त्या भागातली जहाजं, डॉर्नियर विमान, हेलिकॉप्टर, शिवाय जवळून जाणारी व्यापारी जहाजंसुद्धा तिकडं वळवली जातात.

खरी डोकेफोड इथून पुढं. शेवटची जागा आणि वेळ घ्यायची, त्यावर प्रवाह आणि वारा चढवायचा. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला प्रवाह दक्षिणेकडं ओढतो, नैऋत्येचा वारा किनाऱ्याकडं ढकलतो. त्यात लाइफ जॅकेटातल्या माणसाचं डोकं तेवढं पाण्यावर, त्याला वारा फारसा धरत नाही. रिकामा राफ्ट, म्हणजे हवा भरलेला रबरी तराफा, मात्र फुग्यासारखा पळतो. एकाच बोटीतून सुटलेले दोघं सकाळपर्यंत दोन दिशांना गेलेले असतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचं यासाठी सॉफ्टवेअर आहे, काय हरवलंय ते सांगितलं की शक्यतेचा नकाशा काढून देतं. पण त्यात तुम्ही चुकीची वेळ भरली, तर नकाशाही चुकीचाच निघणार.

हे मी स्वतः भोगलंय. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. कोकणातली एक मासेमारी बोट, सात जण. खबर देणाऱ्यानं सांगितलं, शेवटचं बोलणं रात्री नऊला झालं. आम्ही नऊ धरून चौकोन आखला आणि पहाटेपर्यंत घासून काढला. काही नाही. आमच्या कॅप्टननं पुन्हा किनाऱ्यावर विचारायला लावलं, तेव्हा दुसऱ्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणाला, ‘नऊला मी त्यांना हाक मारली, पण उत्तर आलं नव्हतं. उत्तर आलं होतं साडेसहाला.’ दीड नॉटचं, म्हणजे ताशी दीड सागरी मैलाचं वाहणं, अडीच तासांची चूक. पावणेचार सागरी मैल, म्हणजे सात किलोमीटर आम्ही मागं शोधत होतो. आणि शोधाची त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होतं, हे शाळेतलं गणित तिथं अंगावर येतं.

शोधायची पद्धत मात्र तुम्हाला लगेच कळेल. जागा बऱ्यापैकी पक्की असेल तर मधोमध सुरू करून चौकोनात बाहेर बाहेर जायचं; खळ्यावर मेढीभोवती बैल फिरतात तसं, फक्त दर फेरीला दावं लांब होत जातं. जागा मोघम असेल तर सरळ औत घालायचं, तासाला तास लावून. अशा दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, हे त्या दिवशी डोकं किती लांबून दिसतंय त्यावर ठरतं. लाटा चार मीटरच्या असल्या की पाण्यातला माणूस बहुतेक वेळ खळग्यातच असतो. फेस फुटला की प्रत्येक पांढरा ठिपका डोक्यासारखा दिसतो. आम्ही अर्ध्या तासानं लुकआउट, म्हणजे टेहळणीवरचा माणूस, बदलायचो, कारण त्यानंतर डोळे नुसते उघडे असतात.

त्या सात जणांच्या शोधात दिवस वर आल्यावर आमच्यातल्या एका पोरानं हात लांब केला. ते ज्यांना धरून होते ती निळी पिंपं त्या करड्या पाण्यात दिसतच नव्हती. दिसला तो एक पिवळा रेनकोट, लाटेवर चढला की दोन सेकंद, मग गायब. ज्याला दिसलं त्यानं हात खाली घ्यायचा नाही आणि नजरही हलवायची नाही, हा नियम आहे. जहाज वळून पोचेपर्यंत तो पोरगा खांबासारखा उभा होता. पिंपांना धरून सहा जण मिळाले. सातवा नाही मिळाला.

दिसल्यावर उचलणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. जहाज वाऱ्याच्या बाजूला आडवं धरतात, म्हणजे त्याच्या आडोशाला पाणी जरा निवतं. पण जहाजही वाऱ्यानं माणसांवरच सरकत असतं, त्यामुळं जहाजाचा पाण्याखालचा पंखा बंद, जाळी खाली, आणि घाई. हेलिकॉप्टरनं उचलताना दोरीचा हूक आधी पाण्याला टेकू द्यायचा, नाहीतर त्यातल्या स्थिर विजेचा झटका बसतो. आणि फार वेळ पाण्यात असलेल्याला जमेल तितकं आडवं काढायचं. पाण्याचा दाब अंगावरून एकदम गेला की रक्तदाब कोसळतो. हाताला धरून उभा ओढलेला, ‘वाचलो’ म्हणालेला माणूस डेकवर दगावलेला ऐकलाय.

2021 चं म्हणाल, तर त्या वादळात बुडालेल्या पी-305 या बार्जवर 261 जण होते, 186 वाचले, आणि ते काम मुख्यतः नौदलाचं. त्याच वादळात वाहत गेलेल्या दुसऱ्या एका बार्जवरचे 137 च्या 137 परत आले. पी-305 च्या वाचलेल्यांपैकी बरेच जण लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून तासन्‌तास तरंगले. एकटं डोकं दिसत नाही, दहा जणांचं कोंडाळं दिसतं. भावाला हे सांगाच: पोहत किनारा गाठायच्या नादाला लागायचं नाही, गुडघे पोटाशी घ्यायचे, घोळका सोडायचा नाही, खारं पाणी प्यायचं नाही. आपलं पाणी कोमट असलं तरी अंगाची ऊब हवेपेक्षा कितीतरी पटीनं लवकर ओढून घेतं, हातपाय मारले की आणखी लवकर.

जॅकेट मिळालंय का, एवढंच विचारून थांबू नका. पट्टे त्याच्या अंगाला आवळून पाहिलेत का, शिट्टी आहे का, दिवा लागतो का, हे विचारा. आणि आणखी एक, हे कंपनीवाले सहसा करून घेत नाहीत. वादळात आधी लाइट जाते. पुढचा फोन येईल तेव्हा त्याला म्हणावं, डोळे मिटून बंकपासून, म्हणजे झोपायच्या जागेपासून, मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या जागेपर्यंत चालून बघ आणि पावलं मोज. आकडा आईला सांगायला लावा.