४५० साइजच्या फ्लायबारलेस आरसी हेलिकॉप्टरसाठी पिच गेज (ब्लेडचा कोन मोजायचं साधन) कोणता घ्यावा, साधा की डिजिटल?

फ्लायबारलेस आहे ना, मग सरळ डिजिटल घ्या. साधा प्लास्टिकचा गेज वाईट नाही, पण तो फ्लायबारला (रोटर हेडवरच्या आडव्या दांड्याला) समांतर धरून डोळ्याने जुळवायचा असतो आणि तुमच्याकडे फ्लायबारच नाही, मग टेल बूम (शेपटीची नळी) नाहीतर हेडच्या वरच्या सपाट भागाशी अंदाजाने जुळवत बसायचं, त्यात एखादी डिग्री कधी इकडेतिकडे होते कळतही नाही. डिजिटल गेज आधी रोटर हेडवर ठेवून झिरो करायचा, मग ब्लेडला लावायचा, ०.१ डिग्रीपर्यंत आकडा दिसतो. बीस्टएक्सच्या मायक्रोबीस्टला (फ्लायबारशिवाय हेली स्थिर ठेवणारा कंट्रोलर) सेटअपमध्ये सायक्लिक पिच (हेली झुकवण्यासाठी ब्लेडचा बदलणारा कोन) ६ डिग्री लागतो, तिथे अंदाज चालत नाही, म्हणून म्हणतोय.

घेताना डिस्प्लेपेक्षा क्लॅम्प बघा हो! ४५० चं ब्लेड साधारण ३२५ मिमी लांब आणि अरुंद असतं, मोठ्या हेलीसाठी बनवलेला क्लॅम्प त्यावर डुलतो आणि मग ०.१ डिग्रीचा काही उपयोग नाही. काढून परत लावला की तोच आकडा आला पाहिजे, दोनतीनदा करून बघा.

आणि मोटरच्या वायर काढल्याशिवाय ब्लेडला हात लावू नका, प्लीज. रिमोटची पिचची स्टिक मध्यावर असताना ० डिग्री, मग वरखाली सारखा पिच, थ्रीडीला (उलटंसुलटं कसरतीच्या उड्डाणाला) साधारण ±११-१२ पुरतो. दोन्ही ब्लेड मोजा, एकच मोजून सोडलं तर ट्रॅकिंग (दोन्ही ब्लेड एकाच पातळीत फिरणं) बिघडलेलं हवेत गेल्यावर कळतं.