नखांवरचा हलवा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : संक्रांतीच्या काळ्या साडीवर शोभावेत म्हणून काळ्या नेलपॉलिशवर पांढरे ठिपके काढले. काही ठिपक्यांना शेपट्या फुटल्या आणि टॉप कोट फिरवताच उरलेल्यांच्या रेघा झाल्या. काय चुकलं? (सातारा)

उत्तर : शेपटीचं कारण एक, रेघांचं दुसरं.

शेपटी फुटते ती रंग आटल्यामुळे. फॉइलच्या तुकड्यावर पांढऱ्या पॉलिशचा एकच थेंब घ्या. दोन-तीन मिनिटांत त्यावर साय धरते आणि टोक उचललं की तार निघते. साय दिसली की तो थेंब सोडून नवा घ्या. ठिपक्यासाठी पेन्सिलच्या खोडरबरात खोचलेल्या टाचणीचं डोकं उत्तम. मात्र टाचणी साधी, धातूच्या डोक्याची हवी; रंगीत प्लास्टिकचं डोकं रिमूव्हरने पुसताना चिकट होऊ शकतं. टाचणी उभी धरायची, नखाला फक्त टेकवायची आणि सरळ वर उचलायची. दाबली की ठिपक्याच्या मधे खड्डा पडतो. सगळे ठिपके सारखे हवे असतील तर दर वेळी रंगात बुडवा. एकदाच बुडवून ओळीने चार टेकवले, तर ते आपोआप लहान होत जातात. हलव्याच्या दाण्यांची उतरती माळ अशीच साधते. रांगोळीसारखं इथेही मधला ठिपका आधी काढावा, म्हणजे नक्षी एका बाजूला कलत नाही.

आता रेघा. टॉप कोटमधलं द्रावक खालचा रंग पुन्हा सैल करतं. त्यात ठिपका जाड असतो, वरून वाळलेला दिसला तरी आत ओला. त्यामुळे निदान वीस मिनिटं थांबा. मग ब्रशवर टॉप कोटचा भरपूर थेंब घ्या, ब्रश जवळजवळ आडवा धरा आणि केस नखाला न लावता थेंबच पुढे सरकू द्या. तीन फटक्यांत नख झाकलं पाहिजे. गेलेल्या जागी परत जायचं नाही. ब्रशला पांढरं लागलं तर टिश्यूवर पुसूनच बाटलीत घाला, नाहीतर अख्खा टॉप कोट दुधाळ होतो.

तळाचं काळं पॉलिश एका जाड थरात लावू नका. दोन पातळ थर लावा, मधे पाच मिनिटं जाऊ द्या. हे सगळं पेटत्या समईपासून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश झटकन पेट घेतं.

प्रश्न : पाण्यावर रंग तरंगवून संगमरवरी नक्षी करायची आहे, पण थेंब थेट तळाला जातो. (बेळगाव)

उत्तर : पाणी गार असेल किंवा पॉलिश जुनं, घट्ट असेल, तर असंच होणार. खोलीत ठेवलेलं साधं पाणी वाटीभर घ्या, पंखा बंद करा आणि थेंब पाण्याच्या अगदी जवळून सोडा. एकात एक चार-पाच थेंब पडले की टूथपिकने लगेच नक्षी ओढा. अर्ध्या मिनिटात पापुद्रा आखडतो. बोटाला आधीच नखाभोवती चिकटपट्टी लावा. नख आत बुडवलं की ते पाण्यातच ठेवून भोवतीचा पापुद्रा टूथपिकवर गुंडाळून काढा, मगच बोट बाहेर. ही पायरी गाळली की वर येताना दुसरा थर चिकटतो. जेल पॉलिश इथे चालत नाही.

प्रश्न : घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर घातलं तर चालेल का? (पणजी)

उत्तर : नको. त्यात पाणी, कधी तेलही असतं. रंगाची चमक जाते. नेलपॉलिशचं थिनर मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. बाटली हलवू नका, बुडबुडे येतात, तळहातांत फिरवा. आणि बाटलीचं तोंड पुसत चला. तिथे रंग साचला की झाकण नीट बसत नाही, आणि पॉलिश घट्ट होतं ते त्यामुळेच.

प्रश्न : बेस कोट लावूनही फिकं नेलपॉलिश हळदीने पिवळं पडतं. (इंदूर)

उत्तर : बेस कोट नखाला पॉलिशच्या रंगापासून वाचवतो, पॉलिशला हळदीपासून नाही. फोडणीचं काही नाही, पण हळद लावून कालवायचं असेल तेव्हा हातमोजे घाला. डाग पडलाच तर थोडा वेळ हात उन्हात धरून पाहा. कपड्यावरची हळद उन्हाने फिकी होते, तशी इथेही बरीच उतरू शकते.